‘पार्शल’च्या रकान्यात अख्खं बंदर

फॉर्मवर एक रकाना होता, ‘लेव्हल ऑफ अटेन्शन’. त्याखाली तीन पर्याय: फुल, पार्शल, नन. बंदरावर हवामानाचा इशारा भोंग्यावरून सांगतात तेव्हा माणसं तो कितपत ऐकतात, हे मला टिपायचं होतं आणि प्रत्येक नोंदीखाली दोन-तीन वाक्यं इंग्रजीत लिहायची होती. मी दापोलीची, बी.ए.ला इंग्रजी घेतलेली, आजोळ हर्णैचं. त्यामुळे काम माझ्याकडे आलं. विषय इथल्या माणसांना नवा नाही. ३ जून २०२० ला ‘निसर्ग’ चक्रीवादळ आलं तेव्हा दापोली-मंडणगडात किती माड, किती पोफळी आडव्या झाल्या हे सगळ्यांनी पाहिलंय.

हर्णैचा संध्याकाळचा लिलाव ज्याने पाहिलाय त्याला या तीन पर्यायांचं हसू येईल. बोटी आत नांगरलेल्या, होडीतून आणि बैलगाडीतून मासळी वाळूवर येतेय, इकडे सुरमईची बोली चढतेय, तिकडे कोळंबीचा ढीग पडलाय, बर्फवाला ओरडतोय आणि त्यातच भोंगा सुरू होतो. हातातलं सोडून तो ऐकत उभं राहिलेलं मला कोणी दिसलं नाही. पण तो कानावर पडतच नाही असंही नाही. पहिल्याच संध्याकाळी ‘पार्शल’खाली इतक्या खुणा झाल्या की बाकीचे दोन पर्याय छापले कशाला असं वाटलं. अख्खं बंदर ज्या शब्दात मावतं तो शब्द बंदराबद्दल काय सांगणार? खूण करायची तिथे करू, पण खालची वाक्यं अशी लिहू की शहरात बसून वाचणाऱ्याला त्या बाईचे कान नेमके कुठे होते ते कळेल, असं ठरवलं.

आणि इथे इंग्रजीने घाम काढला. ‘पार्शल’ हा शब्दच मुळात घसरडा. ‘शी वॉज पार्शल टु द ॲनाउन्समेंट’ असं लिहिलं तर अर्थ होतो तिला ती घोषणा फार आवडायची. ‘पेड पार्शल अटेन्शन’ व्याकरणात बसतं, पण कुठला भाग ऐकला आणि कुठला सुटला याचा पत्ता नाही. मग ‘हाफ’कडे वळले, तर तिथे आणखी एक गंमत. ‘शी हाफ हर्ड द वॉर्निंग’ म्हणजे सगळंच अंधुक, पुसट ऐकलं. ‘शी हर्ड हाफ द वॉर्निंग’ म्हणजे अर्धं ऐकलं, पण ते लख्ख ऐकलं. शब्द तेच, जागा बदलली की माणूस बदलतो. आणि बंदरावर दोन्ही प्रकारची माणसं होती. बोटीचं इंजिन सुरू करून त्यात डोकं घातलेला मिस्त्री पहिल्यातला. भोंगा चालू आहे एवढंच त्याला कळलं. कोळंबीच्या पाटीशी बसलेल्या मावशी दुसऱ्यातल्या.

“मावशी, काय सांगितलं आता?”

“वारा हाय म्हणतात. पंचावन की काय. बोटी आत घ्या.”

“कधीपासून?”

“ता नाय ऐकलं बाय, तेव्हा बोली लागलेली.”

या सूचनांची ठेवण ठरलेली असते: वाऱ्याचा वेग ताशी ४५ ते ५५ किलोमीटर, झोत ६५ पर्यंत, अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत समुद्रात जाऊ नये. मावशींनी वेग पकडला आणि तारीख सोडली. त्यांच्या नोंदीत मी लिहिलं: ‘शी कॉट द विंड स्पीड बट मिस्ड द डेट्स, द बिडिंग हॅड जस्ट स्टार्टेड.’ ‘कॉट’ आणि ‘मिस्ड’ ही जोडी मला फार उपयोगी पडली. दोन्ही साधी क्रियापदं, आणि त्यांच्यापुढे काय पकडलं, काय सुटलं हे लिहावंच लागतं. मोघम राहायला ती जागाच देत नाहीत.

सगळ्यात जास्त सांभाळावं लागलं ते ‘डिस्ट्रॅक्टेड’पासून. टिपणं लिहिताना तो शब्द हाताशी तयारच असतो. ‘शी वॉज डिस्ट्रॅक्टेड बाय द ऑक्शन.’ वाचायला सुबक वाक्य. पण त्यात गृहीत असं की मावशींचं खरं काम भोंगा ऐकणं, आणि लिलावाने त्यात व्यत्यय आणला. मावशी बंदरावर येतात त्या लिलावासाठी! त्यांच्या बाजूने पाहिलं तर व्यत्यय भोंग्याचा. ‘इनअटेंटिव्ह’ आणि ‘ॲब्सेंट-माइंडेड’ याच कुळीतले, ठपका ठेवणारे. वेंधळेपणा म्हणावा तो त्या गर्दीत पैसे मोजणाऱ्या बाईत औषधालाही सापडायचा नाही. त्यामुळे ज्याच्या त्याच्या मुख्य कामापासून वाक्य सुरू करायचं आणि भोंगा मागून आणायचा, हा नियम मी स्वतःला घालून घेतला. ‘शी वॉज बिडिंग अँड केप्ट वन इअर ऑन द लाउडस्पीकर.’ एक कान तिकडे ठेवला होता, हे इंग्रजीतही जवळपास तसंच म्हणता येतं हे बरं झालं.

‘प्रीऑक्युपाइड’ मात्र एकीसाठी राखून ठेवला. तिच्या हातात काही काम नव्हतं, शेजारी कोणी बोलत नव्हतं, भोंगा अगदी डोक्यावर. तिच्या मुलाची बोट अजून आली नव्हती आणि ती पाण्याकडे बघत होती. बोट परत घ्या हेच भोंगा सांगत होता आणि तिने त्यातला एक शब्द ऐकला नाही. फॉर्मच्या हिशेबाने ‘नन’. तिथे बाहेरच्या कशानेच लक्ष ओढलेलं नव्हतं. आतल्या काळजीने जागा अडवली होती, आणि इंग्रजीत त्याला हाच शब्द आहे.

याच्या उलट एक म्हातारे तांडेल, म्हणजे बोट चालवणारे. घोषणा शब्दन् शब्द म्हणून दाखवली, तारखांसकट, आणि वर म्हणाले, “ह्यांचा वारा रोजच येतो.” त्यांना ‘इग्नोर्ड’ लावावा तर न ऐकल्याचा वास येतो. ‘हर्ड इट ऑल अँड डिसमिस्ड इट’ असं लिहून टाकलं.

वाक्यरचनेचा एक खड्डा मराठी माणसासाठीच खणलेला आहे. ‘मासळी निवडताना भोंगा वाजला’ हे आपल्याला खटकत नाही. निवडणारी बाई ऐकणाऱ्याच्या मनात असतेच. हेच ‘व्हाइल सॉर्टिंग द कॅच, द लाउडस्पीकर केम ऑन’ असं इंग्रजीत नेलं की भोंगाच मासळी निवडायला बसतो. तिथे ‘व्हाइल शी वॉज सॉर्टिंग’ असा कर्ता स्पष्ट घालावा लागतो. एकाच वेळी चाललेल्या दोन गोष्टी सांगायच्या तर हे वाक्य पानापानावर येणार, म्हणून एवढं सांगितलं.

मधल्या काळात, ज्यांच्यासाठी या नोंदी करत होते त्या मॅडमशी फोनवर बोलणं झालं. त्यांनी ‘डिव्हायडेड अटेन्शन’ सुचवलं आणि थोडं वाचायला पाठवलं. त्यात कॉलिन चेरी यांचा १९५३ चा प्रयोग होता: दोन कानांत दोन वेगळी भाषणं, आणि एकाच कानातलं मोठ्याने म्हणत राहायचं. दुसऱ्या कानात आवाज पुरुषाचा जाऊन बाईचा आला हे लोकांना कळलं, पण काय बोललं गेलं ते सांगता येईना. पुढे १९५९ मध्ये नेव्हिल मोरे यांना दिसलं की त्या दुर्लक्षित कानात स्वतःचं नाव आलं तर साधारण एक तृतीयांश लोकांना ते ऐकू येतं. हे वाचून मी बंदरावर नीट पाहिलं. भोंग्यात ‘पाजपंढरी’ आलं की त्या गावच्या बायकांच्या माना वळायच्या, ‘दाभोळ’ला नाही. नोंदींत मी गावाचं नाव घालू लागले. ‘कंटिन्यूअस पार्शल अटेन्शन’ ही लिंडा स्टोन यांची १९९८ ची संज्ञाही त्यांनी पाठवली होती. काही चुकू नये म्हणून सतत सगळीकडे नजर टाकत राहणं, असा तिचा अर्थ. मोबाइल हातात धरून हिशोब लिहिणाऱ्या पोरांना ती बसते. मावशींना बसत नाही.

खरा उजेड पाडला काकांनी. ते उभं आयुष्य मालवाहू बोटींवर होते. “काका, बोटीवरच्या कागदांत लक्ष ठेवण्याला काय लिहायचात?” म्हटलं तर हसले. समुद्रावरच्या टकरी टाळण्याचे १९७२ चे आंतरराष्ट्रीय नियम आहेत, त्यातला पाचवा त्यांना अजून पाठ. ‘प्रॉपर लुक-आउट’ ठेवायचा, आणि कसा, तर ‘बाय साइट अँड हिअरिंग’ आणि हाताशी असेल त्या प्रत्येक साधनाने. “अटेन्शन-बिटेन्शन नाही. डोळे आणि कान,” काका म्हणाले. वायरलेस सेटवर ‘ड्युअल वॉच’ची सोय असते हेही त्यांनीच सांगितलं: सेट दुसऱ्या चॅनेलवर असला तरी मधूनमधून सोळा नंबरवर कान टाकून येतो, कारण संकटाची हाक तिथे येते. मावशी करतात ते हेच! नोंदीत मात्र तो शब्द वापरला नाही; बोटीवर न गेलेल्याला तो समजावत बसावं लागलं असतं.

पुढच्या नोंदी मी काकांच्या पद्धतीने लिहिल्या. हात काय करत होते, डोळे कुठे होते, कानांनी काय उचललं. सगळी टिपणं गेल्यावर मॅडमनी फॉर्मच बदलला. ‘लेव्हल ऑफ अटेन्शन’ काढलं आणि त्याजागी ‘मेन टास्क’, ‘व्हॉट वॉज कॉट’, ‘व्हॉट वॉज मिस्ड’ असे रकाने आले.

१ ऑगस्टला मासेमारीबंदी उठली की तोच फॉर्म रत्नागिरीला मिरकरवाड्यात वापरायचा आहे. तिथे काम करणार असलेल्या मुलीने मला विचारलं, “ताई, जिने स्वतः काही ऐकलं नाही, पण शेजारणीला विचारून सगळं घेतलं, तिला कुठे घालायचं?” हर्णैत अशा बऱ्याच जणी होत्या. ‘गॉट इट फ्रॉम अ नेबर’ असं समासात लिही म्हटलं, आणि मॅडमना चौथा रकाना मागितलाय.