३०३ ची नोंदवही : मींड जमली, आंदोलन हुकलं

टीबी-३०३ या रोलंडच्या जुन्या बेस सिंथेसायझरशी झटापट, आठवडा सहावा. कटऑफ आणि रेझोनन्सवर (आवाजाची धार ठरवणारे फिल्टरचे नॉब) मागच्या वेळी भरपूर पाल्हाळ लावून झालंय, आता तो विषय नको. नॉब फिरवून निघणारा तो चिवचिवाट पहिल्या तासात कुणालाही जमतो. माझं घोडं अडलं होतं पॅटर्न लिहिण्यात.

ठरवलं होतं असं की टीबी-३०३ च्या सॉफ्टवेअर नकलेवर भैरव राग बसवायचा. कल्पना माझी नाही. मुंबईच्या चरणजित सिंग यांनी १९८२ मध्येच ३०३, ८०८ हे ड्रम मशीन आणि ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर घेऊन राग वाजवून ठेवलेत. शिकागोच्या ‘फ्यूचर’ मंडळींनी याच डब्यातून ॲसिड हाउस हे नाचाचं संगीत काढलं ते त्यानंतर काही वर्षांनी. हे यंत्र रागाला का मानवतं, ते मला हातानं समजून घ्यायचं होतं.

पॅटर्न हा :

सा सा – ग | म ध ध प | ग म – म | रे रे सा –

(रे, ध अर्थातच कोमल.)

मूळ यंत्रात स्वर एका मोडमध्ये आणि त्यांचा काळ दुसऱ्याच मोडमध्ये भरावा लागायचा, तेव्हा माझं तर लाडाचंच काम. माझ्या प्लगिनला (म्हणजे त्या नकलेला) सिक्वेन्सर, म्हणजे स्वरांचा क्रम भरून वाजवणारा भाग, नाही. पियानो रोलवर (नोटा पट्ट्यांसारख्या मांडायची खिडकी) एका नोटेचं शेपूट पुढच्या नोटेवर चढवलं की स्लाइड, म्हणजे आपली मींड, आणि व्हेलॉसिटी (आघाताचा जोर) वर नेली की ॲक्सेंट, म्हणजे ठासून आलेला स्वर. मी सवयीनं सगळ्या नोटा कडेला कड लावून मांडल्या होत्या. स्लाइड का होत नाही, या शोधात दोन संध्याकाळी गेल्या. मग चिडून सगळ्याच नोटा एकमेकींवर चढवल्या, तर सगळं गिळगिळीत झालं.

कारण नंतर कळलं. स्लाइडनं गाठलेल्या स्वरावर एन्व्हलप (आघातासरशी फिल्टर उघडून मिटवणारी चाल) नव्यानं सुरू होत नाही. आधीच्या स्वराला उघडलेला फिल्टर तोवर मिटत आलेला असतो. सतारीवर एकदाच ‘दा’ मारायचा आणि मग तार ओढायची, तसंच हे : स्वर बदलतो, आघात तोच. हे डोक्यात शिरल्यावर चारच स्लाइड ठेवले. ग-म, ध-प, म-रे आणि रे-सा. त्यातली म-रे पहिल्यांदा नीट लागली तेव्हा मी खुर्चीतून उठून खोलीत एक फेरी मारून आलो.

ॲक्सेंटनंही एकदा मामा बनवलं. डिके नॉब (फिल्टर किती वेळात मिटायचा ते ठरवणारा) फिरवतोय आणि धैवतावर काही म्हणजे काही फरक नाही. ॲक्सेंट असलेल्या स्वराला डिके नॉब विचारातच घेतला जात नाही, तिथे तो आखूडच राहतो. पण लागोपाठ दोन ॲक्सेंट दिले तर दुसरा जास्त टोकदार येतो, कारण मूळ सर्किटमधला कपॅसिटर मधल्या वेळात पुरता रिकामा होत नाही. नक्कल चांगली असेल तर हेही उतरलेलं असतं. ‘ध ध प’मधला दुसरा धैवत आता असा काही ओरडतो की बस्स.

इथवर मजा. पण भैरवाचे रे आणि ध आंदोलित, म्हणजे हळू झुलते, हवेत आणि तिथे हा डबा हात वर करतो. स्लाइडचा वेळ ठरलेला, साधारण ६० मिलिसेकंद. अर्ध्या स्वराची उडी असो की सप्तकाची, तेवढाच. टेम्पो १२० वरून ६० वर आणला, तर पॅटर्नच्या एका घराची लांबी १२५ ची २५० मिलिसेकंद झाली, पण स्लाइड तेवढाच राहिला. म्हणजे झर्रकन घसरायचं आणि मग उरलेला वेळ सपाट उभं राहायचं. सा आणि रे आलटून पालटून जोडून पाहिले, तर जुन्या मोबाइलची रिंगटोन वाजली. पिच बेंडनं (स्वर हवा तसा वाकवायची सोय) झालं असतं, पण मूळ यंत्राला बेंडर नव्हता, म्हणून मला ती लुच्चेगिरी वाटते. तुम्ही खुशाल करा.

शनिवारी भैरव बाजूला ठेवून दुर्गा घेतला. सा रे म प ध, आंदोलनाची भानगडच नाही. ध-म आणि म-रे अशा दोनच स्लाइड दिल्या, ॲक्सेंट एकट्या पंचमावर, आणि दहा मिनिटांत पॅटर्न पळायला लागला. सेटिंग : सॉ वेव्ह (करवतीच्या दात्यांसारखी लहर), कटऑफ घड्याळाच्या दहावर, रेझोनन्स दोनवर, एन्व्ह मॉड (एन्व्हलपचा फिल्टरवरचा जोर) निम्मा, डिके कमी.