रायफलच्या सिलिंडरवरची तारीख: माझा अनुभव

सेकंडहँड मॅच रायफल, म्हणजे नेमबाजी स्पर्धेची एअर रायफल, घेणार असाल तर बॅरल, ट्रिगर, स्टॉक सगळं नंतर बघा. आधी बॅरलखालचा, छरा सोडणाऱ्या दाबाच्या हवेचा सिलिंडर सोडवून हातात घ्या आणि त्यावर कोरलेला महिना-वर्ष वाचा. आम्ही तो वाचला नव्हता.

२०२२ मध्ये ठाण्याच्या रुद्रांक्ष पाटीलने कैरोला १० मीटर एअर रायफलमध्ये जागतिक विजेतेपद मिळवलं, तेव्हा माझी लेक सातवीत होती. त्या फायनलचा व्हिडिओ तिने किती वेळा लावला असेल याला गणती नाही. वर्षभर क्लबच्या रायफलवर सराव झाल्यावर तिचे कोच सर म्हणाले, आता हिला स्वतःची हवी. नवी रायफल अडीच-तीन लाखांच्या घरात जाते. क्लबमधल्या एका सीनियर मुलाने खेळ सोडला होता, त्याची युरोपियन बनावटीची रायफल आम्ही जवळपास निम्म्या किमतीत घेतली. सोसायटीत लायसन्सची चौकशी झालीच. नळीचं भोक ४.५ मिलिमीटरपेक्षा मोठं नसलेली आणि छऱ्याची ऊर्जा २० जूलच्या आत असलेली एअर रायफल विनालायसन्स बाळगता येते आणि मॅच रायफल साधारण साडेसात जूलची असते. आर्म्स रूल्स २०१६ मधलं ते पान सेक्रेटरींना दाखवलं आणि विषय मिटला.

गेल्या वर्षी जानेवारीत लेक म्हणाली, "आई, प्रेशर उतरतंय." रात्री २०० बार (बार हे दाबाचं माप) दाखवणारा काटा सकाळी १७० वर. सरांनी साबणाचं पाणी करून ब्रशने व्हॉल्व्हभोवती लावलं. पाचेक सेकंद काहीच झालं नाही. मग मोहरीएवढा एक फुगा आला, वाटाण्याएवढा झाला, फुटला आणि त्याच जागी दुसरा आला. सील गेलं होतं. ते पुसताना सरांचं बोट कोरलेल्या आकड्यांवर थांबलं: ०५/१५. मे २०१५.

या सिलिंडरचं आयुष्य बनवल्यापासून फार तर १० वर्षं. सिलिंडर मुदतीतला आहे हे बघण्याची जबाबदारी खेळाडूची, असं आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या नियमातच आहे, आणि इक्विपमेंट कंट्रोलमध्ये, म्हणजे स्पर्धेतल्या साहित्य-तपासणीत, ती तारीख तपासली जाऊ शकते. आमच्या हातात चार महिने होते आणि लेकीची स्पर्धा जूनमध्ये.

आधी भारतातल्या डीलरला फोन केला. "बिल कोणाच्या नावावर आहे?" बिल त्या मुलाच्या नावावर. "मॅडम, सेकंडहँड मालाला आम्ही सर्व्हिस देत नाही." सर्व्हिस नको, सिलिंडर विकत द्या म्हटलं तर "कळवतो." तीन आठवडे ते कळवतच होते. आठवड्यातून दोनदा मी फोन करायचे, दर वेळी नवा माणूस, दर वेळी पहिल्यापासून सगळं सांगायचं. याचा मला फार त्रास झाला. पैसे द्यायला तयार असलेल्या माणसाला नुसतं ताटकळत ठेवण्यात काय मिळतं?

मग थेट रायफल बनवणाऱ्या युरोपातल्या कंपनीच्या सर्व्हिस विभागाला मेल लिहिला. लांबलचक. लेकीची मेहनत, डीलरचं वागणं, स्पर्धेची तारीख, सगळं त्यात होतं. शेवटी विनंती केली की सील बदलून, तपासणी करून मुदत दोन वर्षं वाढवून द्या. माझ्या मनात घरचा गॅस सिलिंडर होता. त्याच्या कडीखालच्या पट्टीवर इंग्रजी ए, बी, सी, डी पैकी एक अक्षर आणि वर्षाचे दोन आकडे असतात, ती पुढच्या तपासणीची वेळ. तपासून तो पुन्हा वापरात येतो. मग आमचा का नाही?

नऊ दिवस उत्तर नाही. दुसरा मेल मी सहा ओळींचा केला. मॉडेल, सीरियल नंबर, कोरलेल्या तारखेचा फोटो, संध्याकाळचं आणि सकाळचं प्रेशर, आणि एकच प्रश्न: तपासून मुदत वाढेल का? दुसऱ्या दिवशी दुपारी उत्तर आलं. त्यांची सकाळ आपल्या दुपारी होते, म्हणून मी पुढचे सगळे मेल रात्री पाठवून ठेवत गेले. सकाळी त्यांच्या टेबलावर पहिला आपलाच असायचा.

उत्तर होतं, नाही. हा सिलिंडर पुन्हा तपासून वापरण्यासाठी बनवलेलाच नाही. दर वेळी भरताना धातू ताणला जातो, रिकामा होताना सैल पडतो, आणि १० वर्षांनंतर तो किती थकलाय हे बाहेरून सांगता येत नाही. गळका सिलिंडर आजपासूनच भरू नका, मुदत संपायची वाट बघू नका. मला राग आला. सील दोनशे रुपयांचंही नसेल आणि हे मला नवा सिलिंडर घ्यायला लावतायत, असंच वाटलं. संध्याकाळी रेंजवर लेक क्लबच्या रायफलवर पोझिशन घेत होती. गाल स्टॉकवर, डोळा साइटला, आणि सिलिंडर बॅरलखाली, तिच्या डाव्या हाताच्या जरा पुढे. त्यात २०० बार हवा. गाडीच्या टायरमध्ये दोन-सव्वादोन बार असते. मी बाकावर बसून ते दोन आकडे मनात शेजारी ठेवले आणि घरी येऊन कंपनीतल्या त्या उत्तर देणाऱ्या माणसाला आभाराचा मेल लिहिला. मनापासून लिहिला.

त्यानंतर त्याने जे काम केलं त्याला तोड नाही. जुना सिलिंडर स्टीलचा की अॅल्युमिनियमचा, आणि लांबी किती, असं त्याने विचारलं. स्टीलचा जड असतो, पुढचं वजन बदललं की मुलीचा तोल बदलेल, म्हणून. मला कसं कळणार? फ्रिजवरचं गणपतीचं मॅग्नेट काढून लावून बघितलं, चिकटलं नाही. अॅल्युमिनियम. लांबी शिवणाच्या टेपने मोजली, फोटो पाठवला. कसा भरता, हेही विचारलं. आधीचा मुलगा घरी हातपंपाने भरायचा, असं मी कळवलं. त्यावर त्याने बजावलं की पंपाच्या हवेतून ओल आत जाते, कोरड्या हवेच्या टाकीवरूनच आणि सावकाश भरा.

सिलिंडर थेट घरी मात्र पाठवता येणार नाही, डीलरमार्फतच जाईल, तोही रिकामा, असं त्याने सांगितलं आणि पार्ट नंबर लिहून तोच मेल डीलरलाही लावला. दुसऱ्याच दिवशी डीलरचा स्वतःहून फोन. २४ हजार रुपये, आगाऊ. सहा आठवडे सांगितले होते, नऊ लागले. मेच्या शेवटी ठाण्यातल्या नौपाड्यात घरी खोका आला. ते आकडे मी खोक्यातच वाचले, मग लेकीला हात लावू दिला. जूनमध्ये इक्विपमेंट कंट्रोलच्या टेबलावर त्या बाईंनी सिलिंडर फिरवून तारीख बघितली आणि मान हलवली. माझ्या पाच महिन्यांच्या खटपटीला तिथे चार सेकंद लागले.

जुना सिलिंडर उरला होता. कंपनीने लिहिलं होतं, पूर्ण रिकामा करा आणि कोणी पुन्हा भरू शकणार नाही असा करूनच भंगारात द्या. सरांनी हवा सोडून व्हॉल्व्ह काढून दिला. मी तो वागळे इस्टेटमधल्या एका लेथवाल्या काकांकडे नेला. "ताई, आत हवा नाही ना?" त्यांनी दोनदा विचारलं, भोकातून तार घालून खात्री केली आणि मधोमध कापला. आतली भिंत बहुतेक चकचकीत होती. गळ्याजवळ मात्र बोटभर रुंदीचा पांढरा भुरकट पट्टा होता. नखाने खरवडल्यावर पावडर निघाली आणि खाली खड्डे दिसले. काका म्हणाले, "ओल खाल्लीय ह्याने."

ते दोन्ही तुकडे मी रेंजवर नेले. सरांनी हवा भरायच्या टेबलावर ठेवले आणि त्या संध्याकाळी सगळ्या मुलांना सिलिंडर सोडवून तारखा मोठ्याने वाचायला लावल्या. अकरा सिलिंडर होते. दोन मुदतीबाहेरचे निघाले, त्यातला एक आदल्याच दिवशी भरलेला. सरांनी तो तिथेच रिकामा केला. त्या मुलाच्या बाबांना मी माझा सहा ओळींचा मेल पाठवला आहे, फक्त सीरियल नंबर आणि फोटो बदलायचा.