टीएसएच नॉर्मल होतं

मे संपत आला की आमच्या आचरा-मालवण भागात डोक्याला मार लागलेले पेशंट वाढतात. पावसाआधी कौलं परतायला माणूस घरावर चढतो आणि वाळवीने पोखरलेली रीप पायाखाली मोडते. शेजारच्या वाडीतल्या भजनाचा पखवाजी असाच पडला. वय बेचाळीस. मोठ्या इस्पितळात बारा दिवस काढले. कवटीच्या तळाला तडा, आत थोडा रक्तस्राव, पण ऑपरेशन लागलं नाही. जूनमध्ये तो स्वतःच्या पायाने माझ्या दवाखान्यात आला, तेव्हा घरच्यांना वाटलं, मोठ्या संकटातून सुटलो. मलाही तसंच वाटलं.

गणपतीत त्याने पखवाजाला हात लावला नाही. दोन अभंगांतच हात गळून जातात म्हणाला. दिवसभर झोप, तोंडाला चव नाही, भर दुपारी अंगावर गोधडी. मी हिमोग्लोबिन बघितलं, साखर बघितली, थायरॉइडसाठी टीएसएच ही रक्ताची तपासणी केली. ती २.१, म्हणजे नॉर्मल आली. ‘थायरॉइड नॉर्मल आहे, अपघाताचा मनाला धक्का बसलाय,’ असं सांगून टॉनिक आणि मनासाठी एक गोळी लिहून दिली. अगदी खात्रीने दिली.

नोव्हेंबरात एका सकाळी त्याला रिक्षातून उचलून आणलं. रात्रीपासून उलट्या आणि जुलाब, पण चार-पाच वेळाच. ब्लडप्रेशर ७० वर ४०, साखर ५४. सलाईनच्या दोन बाटल्या संपल्या तरी प्रेशर ८० च्या वर सरकेना. एवढ्याशा जुलाबाने जाणता गडी असा कोसळत नाही. मी खाटेपाशी उभा होतो आणि काय सुटतंय ते कळत नव्हतं.

त्याची बायको पायथ्याशी उभी होती. म्हणाली, ‘‘डॉक्टरांनू, कौलांवरसून पडल्यापास्ना हे पयल्यासारखे ऱ्हवलेच नाय. देवाक गाऱ्हाणा घातला, कौल लावलो, गूण नाय. आता तर आठ-आठ दिस दाढीसुद्धा करूची लागणा नाय.’’

मी त्याच्या गालावरून हात फिरवला. गुळगुळीत. ओठांच्या कडेला कागदासारख्या बारीक सुरकुत्या, चेहरा मेणासारखा पांढुरका. शर्ट वर केला तर काखेतले केसही विरळ झालेले. पाच महिने हा माणूस माझ्यासमोर खुर्चीत बसत होता, आणि मी त्याच्या गालाकडे एकदाही नीट बघितलं नव्हतं.

मेंदूच्या तळाशी पिट्यूटरी ग्रंथी असते. वाटाण्याएवढी, वजन साधारण अर्धा ग्रॅम. हाडाच्या खोबणीत ती एका नाजूक देठाला लोंबते, आणि तिच्या पुढच्या भागाला रक्त पुरवणाऱ्या बारीक नसा त्याच देठावरून उतरतात. डोकं जोरात आपटलं की हा देठ हिसकतो, नसा दुखावतात. मूत्रपिंडावरच्या ग्रंथी, थायरॉइड, वृषणं या सगळ्यांना हुकूम इथूनच जातो. हुकूम देणारीच गप्प झाली की त्या धडधाकट असूनही बसून राहतात. अशा वेळी टीएसएच बघून काही कळत नाही, कारण टीएसएच, म्हणजे थायरॉइडला जाणारा हुकूम, तीच ग्रंथी बनवते. ते नॉर्मल दिसतं आणि खरा थायरॉइड हार्मोन, फ्री टी-फोर, तळाला गेलेला असतो. हे मी परीक्षेसाठी पाठ केलं होतं.

आधी साध्या नळीत रक्त काढून ठेवलं, मग दम्याच्या पेशंटांसाठी ठेवलेलं हायड्रोकॉर्टिसोनचं १०० मिलिग्रॅमचं इंजेक्शन शिरेतून दिलं. मूत्रपिंडावरच्या ग्रंथी जे कॉर्टिसोल हार्मोन बनवतात, त्याचंच हे औषध; आम्ही नुसतं कॉर्टिसोन म्हणतो. रिपोर्टची वाट बघायला वेळ नव्हता. दीड तासात प्रेशर १०० वर आलं. त्याने डोळे उघडले आणि पाणी मागितलं.

रक्त घेऊन आमचा पोरगा मोटरसायकलवर कणकवलीला गेला. सोडियम ११६, म्हणजे फारच कमी, पोटॅशियम मात्र व्यवस्थित, ४.१. कॉर्टिसोल १.९; इतक्या आजारात ते कितीतरी पटींनी चढायला हवं. फ्री टी-फोर कमी, टेस्टोस्टेरॉन नावापुरतं. टीएसएच पुन्हा नॉर्मल.

त्या रात्री मी घरी गेलो नाही. कॉर्टिसोन मिळालं की पेशंटला लघवी भरपूर सुटते आणि सोडियम भराभर चढतं. एका दिवसात ते आठ-दहा अंकांपेक्षा जास्त चढलं तर मेंदूला इजा होऊ शकते. म्हणून दर तासाची लघवी मोजत बसलो. थायरॉइडची गोळी मुद्दाम थांबवली. कॉर्टिसोनआधी ती दिली तर शरीराची मागणी वाढते, उरलंसुरलं कॉर्टिसोल आणखी लवकर संपतं आणि माणूस हातचा जातो. सप्टेंबरात मी फ्री टी-फोर करून तेवढीच गोळी सुरू केली असती तर? पहाटेपर्यंत हा विचार डोक्यातून गेला नाही.

तेव्हाच वाचत बसलो. डोक्याच्या माराने ही ग्रंथी निकामी होते हे १९१८ सालीच लिहिलं गेलंय. २००७ च्या एका मोठ्या आढाव्यात मार लागून काही महिने उलटलेल्या पेशंटांपैकी २७.५ टक्के जणांत तिचं काही ना काही काम बिघडलेलं होतं.

पाचव्या दिवशी थायरॉइडची गोळी सुरू केली, टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन पुढे. बायकोला समजावलं: ताप आला तर कॉर्टिसोनची गोळी दुप्पट, उलटीत गोळी टिकली नाही तर थेट इंजेक्शन, आणि गोळी एक दिवसही बंद नाही. तिने माझ्याकडून ते कार्डावर मराठीत लिहून घेतलं, प्लास्टिकच्या पिशवीत घातलं आणि रेशनकार्डासोबत ठेवलं.

मग मी दवाखान्याची तीन वर्षांची रजिस्टरं काढली. कौलांवरून, आंब्यावरून, मोटरसायकलवरून पडून डोक्याला जबर मार लागलेले अकरा जण निघाले. नऊ जणांना बोलावून तपासलं. एका बाईचं कॉर्टिसोल कमी निघालं, ती दोन वर्षं ‘आळशी झाली’ म्हणून बोलणी खात होती. उरलेल्यांपैकी एक मुंबईला आहे, त्याला फोन झालाय. दुसऱ्याचं घर खाडीपलीकडे आहे. रविवारी तिकडे जायचंय.