मेंदूचा आजार ज्याचा त्याचा, मग सरकारनं काय करायचं?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. मेंदूविकारांच्या क्षेत्रात काम करते म्हटलं की हा प्रश्न ठरलेला. साथी, घाण पाणी हा सगळ्यांचा प्रश्न, हे पटतं. पण फिट, लकवा, स्मृतिभ्रंश ही तर नशिबाची दुखणी ना?

2021 साली जगातल्या 340 कोटी लोकांना चेतासंस्थेचा, म्हणजे मेंदू किंवा नसांचा, कुठला ना कुठला विकार होता. यात डोकेदुखीही धरलीय, त्यामुळे या आकड्यानं दचकू नका. दचकायचं तर यानं: या विकारांमुळे होणाऱ्या मृत्यूंपैकी आणि आरोग्यहानीपैकी 80 टक्क्यांहून जास्त वाटा गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांचा आहे. नशीब काही देशाची मिळकत बघून येत नाही.

अपस्माराचंच, म्हणजे वारंवार फिट येण्याच्या आजाराचंच घ्या. जगात साधारण 5 कोटी रुग्ण. वेळेवर निदान होऊन औषध मिळालं तर 10 पैकी 7 जणांच्या फिट थांबू शकतात. फेनोबार्बिटल हे औषध 1912 पासून फिटवर वापरात आहे, आणि वर्षभराच्या गोळ्यांना साधारण 5 डॉलर पुरतात. तरी गरीब देशांत चारातल्या तिघांना उपचार मिळत नाहीत. लाज, लपवाछपवी हे कारण आहेच. पण दुसरं कारण कुणी बोलत नाही: कागद. ही गोळी गुंगी आणणारी, म्हणून 1971 च्या आंतरराष्ट्रीय करारानं ती नियंत्रित औषधांत बसवली. आयात करायची तर परवानगी, नोंदी, तपासणी. तेवढ्यात साठा संपतो. ही गोळी एकदम बंद झाली तर फिट आधीपेक्षा जोरात उसळतात, कधीकधी थांबतच नाहीत.

आणि घाण पाण्याचं म्हणालात, तर फिटचं एक मोठं कारण तिथंच आहे. डुकरातल्या पट्टकृमीची अंडी माणसाच्या विष्ठेतून अन्नपाण्यात जातात, पोटातून अळ्या मेंदूत पोचतात. डुकराचं मांस कधी न खाल्लेल्यालाही हे होतं. हा कृमी जिथं मुरलेला आहे तिथं अपस्माराच्या सुमारे 30 टक्के रुग्णांमागे तोच असतो. तिथं संडास बांधणं हाच फिटवरचा प्रतिबंध. बाळंतपणात मूल गुदमरणं, डोक्याला मार लागणं हीसुद्धा टाळता येण्यासारखी कारणं.

2022 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या सदस्य देशांनी मेंदूविकारांसाठी 2031 पर्यंतचा आराखडा मंजूर केला. अपस्माराच्या सेवा दीडपट करायचं त्यात ठरलंय. एवढे मेंदूतज्ज्ञ आणणार कुठून, असं लगेच विचारतात. पण साध्या रुग्णाचा डोस ठरवून दर महिन्याला विचारपूस करायला तज्ज्ञच लागतो असं नाही. प्राथमिक केंद्रातला डॉक्टर किंवा प्रशिक्षित नर्स ते करू शकते. गोळी मात्र तिच्या कपाटात हवी.