तुम्ही विचारलंत म्हणून: फिगर रंगवून झाली, आता अजून काय करू?

हा प्रश्न मला सारखा येतो. सोबत फिगरचा, म्हणजे हाताने रंगवायच्या छोट्या पुतळ्याचा, फोटो असतो, २८ मिलिमीटर उंचीचा एखादा योद्धा, रंग कुठेही रेषेबाहेर गेलेला नाही, सगळं स्वच्छ, आणि खाली लिहिलेलं असतं, "ताई, काहीतरी कमी वाटतंय पण काय ते कळत नाहीये, पट्ट्यावर अजून डिटेल टाकू का?"

नका टाकू. बहुतेक वेळा डिटेल कमी नसतो, उजेड आणि सावली कमी असते.

खऱ्या माणसाच्या अंगरख्याला चुणी पडते तेव्हा तिच्या आत खरोखर काळोख असतो, पण तोच माणूस बोटाच्या दोन पेरांएवढा झाला की ती चुणी केसभर खोल उरते, खोलीतला दिवा तिच्यात सगळीकडून शिरतो आणि सावली पडतच नाही, म्हणून ती आपल्याला रंगाने पाडावी लागते, आणि आपल्याला वाटतं त्यापेक्षा बरीच गडद. ब्रश हातात असताना जे भडक वाटतं तेच दोन पावलं मागे गेलात की बरोबर दिसतं.

मला हे माझ्या ७५ मिलिमीटरच्या मावळ्यावर कळलं. लाल अंगरखा, तपकिरी ढाल, तीन आठवडे बसले होते त्याच्यावर. आमच्यातल्या एका जुन्याजाणत्या काकांना दाखवला तर त्यांनी तो जवळ घेतलाच नाही, हातभर लांब धरला, डोळे बारीक केले आणि म्हणाले, "ढाल कुठे संपते आणि अंगरखा कुठे सुरू होतो गं?" घरी येऊन मोबाईलवर फोटो काढला, ब्लॅक अँड व्हाइट केला, आणि खरंच, दोन्ही एकाच करड्या रंगाचे! रंग वेगळे होते पण गडदपणा सारखाच होता. तेव्हापासून प्रत्येक फिगरचा असा फोटो काढते, मध्येच, संपायच्या आधी.

मग दुरुस्ती केली ती ग्लेझने, म्हणजे रंगाच्या पातळ पारदर्शक थरांनी. रंगात इतकं पाणी की खालचं दिसलं पाहिजे, ब्रश टिश्यूवर टेकवून जास्तीचं पाणी काढायचं आणि सावलीच्या दिशेने ओढायचा, कारण ब्रश जिथे उचलता तिथे रंग साचतो. थर पूर्ण वाळू द्यायचा, मग पुढचा. लालच्या सावलीत काळा नका घालू, मळकट होतं, गडद जांभळा किंवा निळसर हिरवा घाला. आणि लाल उजळवताना पांढरा घातलात की सरळ गुलाबी होतो, तिथे नारिंगी किंवा त्वचेचा रंग चालतो. दोन संध्याकाळी गेल्या, डिटेल एकही वाढवला नाही, आणि मावळा उभा राहिला.

खरं तर दिवाळीच्या किल्ल्यावरचे मातीचे मावळे आठवा. पांढरा अंगरखा, लाल पगडी, काळ्या मिशा, बस. जवळून बघितलं तर डोळा म्हणजे एक ठिपका, पण अंगणाच्या फाटकातून सुद्धा कळतं कोण पहारा देतोय आणि कोण तलवार उपसतोय. रंगवणाऱ्यांना हे पक्कं माहीत असतं, मला त्यांच्याबद्दल फार आदर आहे.

आता दुसरा प्रश्न, स्पर्धेतले परीक्षक नक्की काय बघतात. गेम्स वर्कशॉप या फिगर बनवणाऱ्या ब्रिटिश कंपनीची गोल्डन डेमन ही रंगकामाची स्पर्धा १९८७ पासून आहे, तिथे प्रत्येक गटात सोनं, रुपं, कांस्य आणि सगळ्यांत सरस फिगरला स्लेयर स्वोर्ड, खरीखुरी तलवार. म्हणजे तुमची फिगर शेजारच्या फिगरशी तोलली जाते. ओपन पद्धतीत तसं नसतं, तिथे फिगर एका ठरलेल्या दर्जाशी तोलतात, त्या दर्जाच्या दहा असतील तर दहांना सोनं. शिकणाऱ्यांसाठी मला ओपन पद्धत जास्त बरी वाटते, कारण कोण शेजारी होतं यावर काही ठरत नाही.

पण पद्धत कुठलीही असो, नजर बहुतेक त्याच वाटेने जाते. आधी लांबून, आकार वाचता येतो का. मग चेहरा, कारण माणूस माणसाचा चेहराच शोधतो, आणि २८ मिलिमीटरच्या फिगरवर डोळा एक मिलिमीटरही नसतो, म्हणून बुबुळांपेक्षा कपाळ, गालाचं हाड आणि नाकाचा शेंडा उजळ करा, डोळ्याचं पांढरं शुद्ध पांढरं ठेवू नका. मग उजेड सगळीकडे एकाच बाजूने येतोय का, विशेषतः धातूचा रंग न वापरता करड्या-पांढऱ्याने पोलाद रंगवलं असेल तर. आणि मग स्वच्छता, म्हणजे साच्याची जोडरेघ, साच्याचे दोन भाग जुळतात तिथे उठलेली रेघ, घासून काढलीय का. ही रेघ रंगाखाली राहिली असेल तर ग्लेझने काही होत नाही. मेटलची फिगर असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवून रंग काढा, रेघ घासा आणि पुन्हा प्रायमर, म्हणजे रंगाआधीचा अस्तराचा थर, मारा, फक्त पावसाळी दमट हवेत स्प्रे प्रायमर नको, पांढुरकी भुकटी धरते.

परवा ज्यांनी ऑर्कचा, म्हणजे कल्पित कथांमधल्या हिरव्या राक्षसी योद्ध्याचा, फोटो पाठवला त्यांना उत्तर द्यायचं राहिलं होतं. दादा, तुमची हिरवी त्वचा आणि तपकिरी चामडं ब्लॅक अँड व्हाइटमध्ये सारखंच दिसतंय. चामडं दोन ग्लेझ गडद करा, चेहरा आणि खांदे उजळवा, पट्ट्याला हात लावू नका, तो छान झालाय.