तुम्ही विचारलंत म्हणून: स्क्रीनला हात न लावता टॅबवर काम कसं करते

"काकू, तुमच्या टॅबचा टच गेलाय का?" अभ्यासिकेत माझ्या शेजारी बसणाऱ्या एका मुलानं परवा विचारलं. घराशेजारी बांधकाम सुरू झाल्यापासून मी दुपारची तिथं जाऊन बसते, तो स्पर्धा परीक्षेची तयारी करतो. अर्धा तास बघत होता म्हणे, की या फाइली उघडतायत, बंद करतायत, मध्येच इंग्रजी मध्येच मराठी टाइप करतायत पण स्क्रीनला बोट काही लावत नाहीयेत. टच चांगला चालू आहे. पण हा प्रश्न लोक मला सारखा विचारतात, भाची विचारते, दस्त भाषांतराला पाठवणारे वकील विचारतात, की टॅबवर एवढं पटापट कसं जमतं, कुठलं ॲप आहे, आम्हाला पण सांगा. ॲप कुठलंच नाही, कीबोर्डचे शॉर्टकट आहेत आणि ते टॅबमध्ये आधीपासूनच असतात. तर तुम्ही विचारलंत म्हणून एकदा सगळं नीट लिहून टाकते.

मी भाषांतरं करते. खरेदीखत, कुलमुखत्यारपत्र, मृत्युपत्र, बँकेची कागदपत्रं, इंग्रजीतून मराठीत जास्त आणि कधीकधी उलटं. माझ्याकडे आयपॅड आहे आणि त्याला ब्लूटूथ कीबोर्ड, म्हणून खाली कळांची नावं त्यातली येतील.

याची सुरुवात स्पीडसाठी झालीच नव्हती. चार वर्षांपूर्वी, मी सत्तेचाळीसची असताना, माझा उजवा खांदा आखडला. फ्रोझन शोल्डर. चाळिशी ते साठीच्या मधे होतो, बायकांना जास्त आणि डायबेटिस असेल तर आणखी जास्त, मला डायबेटिस आहे. वेणी घालता येईना, फळीवरचा डबा काढता येईना, रात्री त्या कुशीवर वळलं की जाग यायची. फिजिओथेरपिस्ट मॅडमनी सांगितलं की व्यायामात हात हलवायचाच, नुसता जपून ठेवलात तर आणखी आखडेल, पण दिवसभर झटक्यानं हात पुढे टाकायचं काम बंद करा. आणि टॅबवर काम म्हणजे तेच तर असतं! टॅब स्टँडवर उभा, कीबोर्ड खाली, आणि प्रत्येक बारीकसारीक गोष्टीला हात कीबोर्डवरून उचलायचा, पुढे न्यायचा, बोट टेकवायचं, परत आणायचा. लॅपटॉपवर हे होत नाही कारण हात खालीच राहतो. संध्याकाळपर्यंत खांद्यात कळा यायच्या आणि मला वाटायला लागलं की आता काम बंदच करावं लागणार.

कॉपी-पेस्ट तेवढं मला कीबोर्डवरून येत होतं. एक दिवस कमांडची कळ दाबली आणि पुढचं काय करायचं होतं ते डोक्यातून गेलं, बोट तसंच राहिलं कळेवर, तर दोनेक सेकंदांनी स्क्रीनवर एक यादीच उघडली. त्या ॲपमधे कुठकुठले शॉर्टकट चालतात त्याची. आयपॅडमधे ही सोय २०१५ पासून आहे आणि मी कितीतरी वर्षं कीबोर्ड वापरत होते तरी मला माहीत नव्हतं. म्हणून माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांना मी दुसरं काही सांगायच्या आधी हेच सांगते, कमांड दाबून ठेवा आणि थांबा. प्रत्येक ॲपची यादी वेगळी येते. कीबोर्डवर ग्लोबची कळ असेल तर ती दाबून धरल्यावर अख्ख्या आयपॅडला लागू होणारे शॉर्टकट दिसतात.

पहिले दोन महिने मी फक्त डाव्या हातानं होणारे शॉर्टकट शिकले, कारण उजवा शक्यतो हलवायचाच नव्हता. तेव्हा लक्षात आलं की अनडू, कट, कॉपी आणि पेस्ट म्हणजे झेड, एक्स, सी, व्ही या चारही कळा खालच्या ओळीत डावीकडे एकमेकींना चिकटून आहेत आणि कमांडही त्यांच्या खालीच आहे, सगळं एका हातात. कट-कॉपी-पेस्ट ही कल्पना १९७०च्या दशकात झेरॉक्सच्या पालो आल्टोमधल्या संशोधन केंद्रात लॅरी टेस्लर आणि टिम मॉट यांनी रुजवली, टेस्लर पुढे ॲपलमधे गेले, २०२० साली वारले. ती बातमी मी तेव्हा वाचून सोडून दिली होती, खांदा आखडल्यावर त्या माणसाची खरी आठवण झाली. कमांडच्या कळेवर ती चार कोपऱ्यांत चार वेढे असलेली खूण असते ना, ती सुझन केअर यांनी १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला मॅकसाठी निवडली, स्कँडिनेव्हियात प्रेक्षणीय जागा दाखवायला रस्त्यावर ती पाटी असते. मला मात्र ती ठिपक्यांच्या रांगोळीतली वाटते, आईच्या हातची.

तर डाव्या हाताचे. कमांड-टॅबनं एका ॲपमधून दुसऱ्यात जाता येतं. कमांड-स्पेसनं सर्च उघडतो, तिथं फाइलचं किंवा ॲपचं नाव टाइप करायचं आणि एंटर, आयकॉन शोधत फिरायचं नाही. ब्राउझरमधे कमांड-टी नवा टॅब, कमांड-डब्ल्यू बंद, कमांड-एफ म्हणजे पानातला शब्द शोधणं. दोन कळा एकदम दाबणंही जड जात असेल तर सेटिंगमधे ॲक्सेसिबिलिटी, कीबोर्ड्स, तिथं स्टिकी कीज म्हणून आहे, ते चालू केलं की कमांड दाबून सोडायची आणि मग दुसरी कळ, एकामागून एक. तिथंच फुल कीबोर्ड ॲक्सेस आहे, त्यानं स्क्रीनवरचं जवळपास प्रत्येक बटण टॅब आणि बाणांच्या कळांनी गाठता येतं आणि स्पेसनं दाबता येतं. माझे पहिले सहा महिने या दोन गोष्टींनी तारून नेले. ज्यांचे हात दुखतात, संधिवात आहे, त्यांनी बाकी सगळं नंतर वाचा, आधी या दोन सेटिंग बघा.

आता मराठी टायपिंगचं, कारण सगळ्यात जास्त प्रश्न त्याचे येतात आणि मला सांगायचंही त्याबद्दलच जास्त आहे.

इंग्रजी-मराठी बदलायला कंट्रोल-स्पेस. एवढंच. लोक स्क्रीनवरचा पृथ्वीगोल शोधत बसतात. मी आणखी एक केलंय, माझ्या कीबोर्डवर ग्लोबची कळ नव्हती, तर सेटिंगमधे जनरल, कीबोर्ड, हार्डवेअर कीबोर्ड, मॉडिफायर कीज इथं जाऊन कॅप्स लॉकलाच ग्लोब करून टाकलं. मराठीत कॅप्स लॉकचा तसाही काही उपयोग नाही, आपल्याकडे कुठे मोठी आणि छोटी लिपी आहे.

कळांवर अक्षरांची मांडणी मी इनस्क्रिप्ट नावाची वापरते. रोमनमधे लिहून मराठी उमटवणाऱ्यांना ती अवघड वाटते पण तिच्यामागे वर्णमालेचा विचार आहे, डाव्या हाताला स्वर आणि मात्रा, उजव्या हाताला व्यंजनं, आणि शिफ्ट दाबलं की बहुतेक ठिकाणी त्याच वर्गातलं हकारयुक्त अक्षर. के वर क, शिफ्ट-के वर ख. एल वर त, शिफ्ट-एल वर थ. एन वर ल आणि शिफ्ट-एन वर ळ. ज्या मांडणीत ळ एवढा जवळ आहे ती मांडणी आपली. आणि ऱ! आचाऱ्याला आणि आचार्याला यात जो फरक आहे, एकाला स्वयंपाक सांगायचा असतो आणि दुसऱ्याला नमस्कार करायचा असतो, तो दस्तात चुकला तर चालत नाही. तो ऱ शिफ्ट-जे वर आहे, मग डी वर हलन्त, मग स्लॅशवर य. तीन कळा, कुठल्या मेनूत जायला नको, सुचवलेल्या शब्दांमधून निवडायला नको. शिकायला मला सहा आठवडे लागले, रोज अर्धा तास, आणि त्या सहा आठवड्यांत कामाचा वेग निम्म्यावर आला होता हेही सांगून ठेवते, कारण ते कुणी सांगत नाही आणि मग लोक दहाव्या दिवशी सोडून देतात.

देवनागरीत खोडणं ही वेगळीच गोष्ट आहे. बाणाच्या कळेनं पुढे गेलं की 'की' हे अख्खं अक्षर ओलांडलं जातं, पण डिलीट दाबलं की आधी फक्त वेलांटी जाते, मग क. एका मात्रेची चूक असेल तर हे फार छान आहे, पण 'कुलमुखत्यारपत्राद्वारे' एवढा शब्द खोडायचा तर बोट दुखेपर्यंत डिलीट दाबावं लागतं. तिथं ऑप्शन-डिलीट दाबा, अख्खा शब्द जातो. कमांड-डिलीटनं कर्सरपासून ओळीच्या सुरुवातीपर्यंतचं सगळं जातं. ऑप्शन आणि बाण म्हणजे एकेक शब्द उडी, कमांड आणि बाण म्हणजे ओळीचं टोक, आणि यातल्या कशालाही शिफ्ट जोडलं की तेवढा मजकूर सिलेक्ट होतो. बोटानं मराठी मजकूर सिलेक्ट करताना ती निळी टोकं हवी तिथं थांबत नाहीत, जोडाक्षराच्या अलीकडे नाहीतर पलीकडे, त्यातून कायमची सुटका.

टेक्स्ट रिप्लेसमेंट तर माझ्या धंद्यात सोनं आहे. सेटिंगमधे जनरल, कीबोर्ड, तिथं. मी 'लिदे' टाइप करून स्पेस दिली की 'लिहून देणार' होतं, 'लिघे' चं 'लिहून घेणार' (खरेदीखतात विकणारा तो लिहून देणार, विकत घेणारा तो लिहून घेणार), 'कुमु' चं 'कुलमुखत्यारपत्र'. फक्त भाषेत खरोखर असलेला शब्द शॉर्ट फॉर्म म्हणून घेऊ नका. मी एकदा 'वर' ला 'वरील मिळकत' लावलं होतं आणि एका दस्तात जिथंजिथं सुटा 'वर' होता तिथं मिळकत उगवली, सगळं पुन्हा तपासावं लागलं.

या सगळ्यानं किती वेळ वाचतो असं वकीलसाहेब विचारतात. वाचतो, पण मी मोजलेला नाही आणि मला तो मुख्य मुद्दा वाटतही नाही. इंग्रजी खरेदीखतातलं वाक्य बघा, विकणारा विकतो हे तिथं सुरुवातीलाच येऊन जातं आणि मग मिळकतीचं वर्णन अर्धा पान चालतं. मराठीत उलटं. लिहून देणार यांनी, अमुक गावचा अमुक गट नंबर, त्याचं क्षेत्र, पूर्वेस काय पश्चिमेस काय, त्यातल्या झाडाझुडपांसह, तदंगभूत वस्तूंसह, लिहून घेणार यांना कायम फरोक्त खरेदी दिली आहे, असं क्रियापद शेवटी. म्हणजे ते 'दिली आहे' मला सुरुवातीपासून शेवटापर्यंत डोक्यात धरून ठेवायचं असतं, 'दिली' आहे की 'देत आहे' की 'देण्याचे कबूल केले आहे', यात जमीन कुणाची हे ठरतं. आणि मधेच क्षेत्रफळ बघायला हात उचलला, मूळ कागद सरकवला, बोट चुकून दुसरीकडे लागलं, काहीतरी भलतंच उघडलं, ते बंद केलं, की परत येईपर्यंत ते क्रियापद हातातून निसटलेलं असतं. मग वाक्य पहिल्यापासून. कमांड-टॅबनं मी मूळ कागदावर जाते, आकडा बघते, परत कमांड-टॅब, आणि क्रियापद जागेवर असतं. डोळे हलतात, डोकं हलत नाही. मी ज्याला पटापट काम म्हणते ते हे आहे.

दोन्ही कागद शेजारी लावायचे असतील तर ग्लोब-कंट्रोल आणि डावा किंवा उजवा बाण. अर्ध्यात मूळ, अर्ध्यात मी.

शिकायचं कसं, तर पन्नास शॉर्टकटची यादी प्रिंट करून भिंतीला लावू नका, माझ्या भाचीनं लावली होती, तिला त्यातला एकही येत नाही. आठवड्याला एक घ्या. एका चिठ्ठीवर लिहा, टॅबच्या खाली डाव्या कोपऱ्यात चिकटवा, आणि त्या आठवड्यात ते काम बोटानं करायचं नाही म्हणजे नाही, विसरलात तर बोटानं केलेलं रद्द करून परत शॉर्टकटनं करा. आठव्या दिवशी चिठ्ठी बदलायची. आणि तुमच्या कामात रोज जे लागतं तेच घ्या, मला स्क्रीनशॉट रोज लागतात म्हणून कमांड-शिफ्ट-४ माझ्या पहिल्या पाचांत होता, त्यानं स्क्रीनशॉट निघून लगेच खुणा करायला उघडतो, तुम्हाला कदाचित लागणारही नाही.

अँड्रॉइड टॅब असेल तर कमांडच्या जागी विंडोजची किंवा सर्चची खूण असलेली कळ धरा, तिच्याबरोबर स्लॅश दाबला की बहुतेक टॅबवर शॉर्टकटची यादी येते, आणि ॲप बदलायला ऑल्ट-टॅब. पद्धत तीच, चिठ्ठीची.

बोट मी कधी वापरतच नाही असं नाही. जुन्या स्टॅम्पपेपरचा स्कॅन आला आणि शिक्क्याखालचं अक्षर वाचायचं असलं की दोन बोटांनी मोठं करण्यासारखं सोपं काही नाही.

खांदा दीड वर्षानं सुटला. फळीवरचा डबा आता निघतो, वेणीही घालते. हात मात्र कीबोर्डवरच राहिला. अभ्यासिकेतल्या त्या मुलाला मी त्याच दिवशी कमांड दाबून धरायला सांगितलं, म्हणजे माझ्याच टॅबवर, त्याच्याकडे तेव्हा कीबोर्ड नव्हता. या सोमवारी तो कुणाचा तरी जुना कीबोर्ड घेऊन आला, त्याच्या टॅबच्या डाव्या कोपऱ्यात चिठ्ठी होती, त्यावर ऑल्ट-टॅब. माझ्या चिठ्ठीवर सध्या ग्लोब-क्यू आहे, त्यानं चालू काम बाजूला न करता कोपऱ्यात छोटी नोट उघडते, वकिलांचा फोन आला की गट नंबर तिथं उतरवायला. अजून दोनदा विसरले आहे, म्हणून पुढच्या सोमवारपर्यंत तीच राहील.