गुरुजींनी गाळलेली ओळ

पक्षाघाताचा रुग्ण आमच्याकडे, म्हणजे वाचा-उपचार करणाऱ्यांकडे, नेहमी उशिरा येतो. हातापायांचा व्यायाम दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सुरू होतो, वाचेचं मात्र 'येईल हळूहळू' म्हणून राहून जातं. मेंदू सावरण्याचे सगळ्यात मोलाचे पहिले महिने असे हातचे जातात. आपल्याकडे वाचा-उपचार करणारे मोजकेच आहेत हे खरं, पण एक चिठ्ठी लिहायला डॉक्टरांना असा किती वेळ लागतो?

गुरुजीही असेच उशिरा आले. नगर जिल्ह्यातल्या एका खेड्यात त्यांनी शाळेत शिकवण्यात हयात घालवली, आपल्या ख्रिस्ती मंडळीत (चर्चमध्ये) वडील, म्हणजे जबाबदार सेवक, म्हणून सेवा केली. (ओळख पटेल असं सगळं वगळून, त्यांच्या आणि मुलीच्या संमतीने लिहिते आहे.) मेंदूच्या डाव्या बाजूला मार बसलेला, उजवा हात लुळा. बोललेलं बरंचसं कळत होतं, पण तोंडातून एकच शब्द निघायचा, "तेच." चमचा दाखवला, "तेच." किल्ली दाखवली, "तेच." मुलीचं नाव विचारलं तेव्हा डोळे भरून आले आणि पुन्हा "तेच".

मग मी 'बे एके बे' सुरू केलं आणि त्यांनी 'बे दाही वीस'पर्यंत नेऊन पोहोचवलं. यात अचंबा नाही. वर्षानुवर्षं घोकलेलं मेंदू वेगळ्या वाटेने जपतो. पाढे, वार, गाणी, शिव्या आणि प्रार्थना वाचा गेल्यावरही शिल्लक राहू शकतात. १६८३ साली पीटर रोमेल या जर्मन वैद्याने अशाच एका बाईची नोंद केली आहे. तिची वाचा गेली होती, पण प्रभूची प्रार्थना (येशूने शिकवलेली, 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' अशी सुरू होणारी) आणि बायबलमधली वचनं ती म्हणू शकत होती. मात्र रोजच्याच क्रमाने. क्रम मोडून विचारलं की तिला काही येत नसे. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवा.

घरी संध्याकाळच्या प्रार्थनेत अण्णा, म्हणजे गुरुजी, हीच प्रभूची प्रार्थना आपोआप म्हणायला लागले, असं मुलीने सांगितलं. त्याचा व्हिडिओ मंडळीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरला आणि सगळ्यांनी 'चमत्कार' म्हणून देवाचे आभार मानले. आभार मीही मानते. पण हीच माणसं एरवी सांगतात की पाठ केलेली प्रार्थना निर्जीव, मनात येईल तेच खरं. आमच्या तरुण संघात तर हे वाक्य दर रविवारी ऐकू येतं. त्या घरात रोज संध्याकाळी सातला दिवे लावून, जेवणाआधी, पाहुणे असोत की परीक्षा असो, सगळे एकत्र बसत आले. मन लागलं त्या दिवशी बसले आणि नाही लागलं त्या दिवशीही बसले. त्यातली 'नाही लागलं' ती संध्याकाळ आज गुरुजींच्या कामी येते आहे, आणि तिचं नाव कुणी घेत नाही, याचा मला राग येतो.

मी मुलीला म्हटलं, इथे म्हणा, माझ्यासमोर. तिने "हे आमच्या" एवढंच म्हटलं आणि गुरुजींनी पुढचं उचललं. स्वर्गातील, पवित्र, पृथ्वीवरही, सगळी जोडाक्षरं स्वच्छ. "आमची रोजची भाकर आज आम्हाला दे" इथे ते थांबले. ओठ मिटले. मग श्वास घेऊन "आणि आम्हांस परीक्षेत आणू नको" इथून पुन्हा सुरू झाले आणि थेट आमेनपर्यंत गेले. मधली ओळ गाळली होती: 'जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे, तशी तू आमची ऋणे आम्हांस सोड.'

पुन्हा घेतलं, पुन्हा तेच झालं. माझ्या धंद्यात हे बसेना. घोकलेल्यात माणूस अडला तर तो सहसा मुळापासून सुरू करतो किंवा तिथेच संपतो. मधलं एक कडं काढून पुढचं नेमकं पकडायला स्वतः वळावं लागतं. 'ऋण्यांस' जिभेला जड आहे म्हणून असेल, असं वाटलं. म्हणून 'धान्यास', 'अरण्यात' असे त्याच वळणाचे शब्द माझ्या मागोमाग म्हणायला दिले. सावकाश, पण आले.

बाहेर व्हरांड्यात मुलीने सांगितलं. धाकट्या काकांशी बांधावरून कोर्टकज्जा झाला, आजीच्या मातीलाही दोघे भाऊ एकमेकांशी बोलले नाहीत. आणि आजारपणाच्या कितीतरी वर्षं आधीपासून अण्णा या ओळीला गप्प बसायचे. घरातल्यांना वाटायचं, खाकरतात.

म्हणजे शास्त्राचं कोडं सुटलं. ते गाळणंही रोजचंच होतं. रोज संध्याकाळी सातला त्यांनी प्रार्थना म्हणण्याचा सराव केला आणि त्याच वेळी ती ओळ न म्हणण्याचाही. मेंदूने दोन्ही सारख्याच इमानाने जपलं. रोमेलच्या त्या बाईचा क्रम अखंड होता, गुरुजींच्या क्रमात एक भोक होतं, एवढाच फरक.

पण माझं कोडं तिथूनच सुरू झालं. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात प्रार्थना शिकवून झाल्यावर प्रभू येशू तिच्यातल्या एकाच विनंतीकडे पुन्हा वळतात, ती हीच, क्षमेची. गुरुजींना हे ठाऊक नव्हतं असं नाही. त्यावर त्यांनी स्वतः उपदेश केले असतील. तरी त्यांनी ती ओळ ओठांवरून उगाच जाऊ दिली नाही, आणि ती अडते म्हणून प्रार्थनाही सोडली नाही. मन कडू असताना रोज त्याच जागी येऊन बसायचं, खोटं बोलायचं नाही आणि उठूनही जायचं नाही. मनात येईल तेव्हाच प्रार्थना करणारा माणूस असल्या जागेला कधी पोहोचणारच नाही. मला तरी गुरुजींची ती शिस्त निर्जीव म्हणवत नाही.

मुलीने हात जोडले, "मॅडम, तेवढी ओळ बसवून द्या ना." बसवता येते. सुरावर, डाव्या हाताने ठेका धरत, तुकड्या-तुकड्याने. पण क्षमा कुणाच्या तोंडात बसवून देणं हे माझं काम नाही. मंडळीच्या पाळकसाहेबांना (धर्मगुरूंना) वाटतं, आधी शब्द येऊ दे, मन मागून येईल. त्यांच्या बोलण्यात तथ्य आहे, तरी मी गुरुजींनाच विचारायचं ठरवलं.

दोन कार्डं ठेवली. एकावर पाणी, चहा, दुखतंय, नको. दुसऱ्यावर ती ओळ, मोठ्या अक्षरांत. "गुरुजी, कुठून सुरू करायचं?" त्यांनी बराच वेळ पाहिलं. डावा हात ओळीवर ठेवला आणि कार्ड स्वतःकडे ओढलं.

सध्या आम्ही 'जसे आम्ही आपल्या'पर्यंत येतो. पुढचा शब्द मी देत नाही, फक्त ठेका चालू ठेवते. काकांना निरोप गेला आहे, ते अजून आलेले नाहीत. मुलगी आता म्हणते, निदान पाणी मागता येऊ दे, हे राहू द्या. तिचंही बरोबर आहे, म्हणून अर्धा वेळ पाणी-चहाला देते. पण खुर्ची टेबलाशी लागली की गुरुजी आधी ते दुसरं कार्ड मागतात, "तेच, तेच" म्हणत.